नोकरी सोडू नकोस, बुधवार धर

"मावशी, सलाम. मी सोलापूरचा, वय सत्तावीस, एका खासगी कंपनीत अकाउंटचं काम करतो. आमच्या ख्रिस्ती मंडळीच्या तरुण संघातले आम्ही सहा जण गेल्या वर्षापासून दर शनिवारी रात्री रेल्वे स्टेशन आणि एसटी स्टँडच्या भागात उघड्यावर झोपणाऱ्या लोकांना खिचडी वाटतो, सोबत बायबलच्या वचनाची पत्रिका देतो, प्रार्थना करतो. सहातले आता तिघेच उरलोत. मला मात्र वाटतं, प्रभूचं पाचारण मला याच कामासाठी आहे, नोकरी सोडून पूर्ण वेळ यात उतरावं. पण मन खचलंय. एका माणसाला आम्ही खोली घेऊन दिली, मेसमध्ये कामाला लावलं, तर दोन आठवड्यांत तो माझा मोबाइल घेऊन पसार झाला. मंडळीतले लोक विचारतात, वर्षभरात किती जण प्रभूकडे आले? रस्त्यावरचे लोक विचारतात, धर्मांतर करायला आलात का? आई म्हणते, लग्नाच्या वयात हे काय डोक्यात घेतलंस? स्टँडवर एक बाई असते, एकटीच कानडीत बोलत बसते, जवळ गेलं की दगड उचलते, तिचं काय करावं तेही सुचत नाही. लोक हे काम वर्षानुवर्षं कसं करतात?
एक वाचक, सोलापूर"

सलाम. मावशी म्हटलंस, तर मीही एकेरीतच लिहिते. माझी सगळी नोकरी सरकारी रुग्णालयांत समाजसेवा अधीक्षक म्हणून झाली. पोलिसांनी किंवा १०८ च्या गाडीने रस्त्यावरून उचलून आणलेला माणूस, ज्याच्या केसपेपरवर 'अनोळखी पुरुष, वय अंदाजे पन्नास' एवढंच लिहिलेलं असतं, तो शेवटी आमच्या टेबलापाशी यायचा. आणि मी ख्रिस्ती घरातली, तुझ्यासारखीच संडेस्कूलपासून मंडळीत वाढलेली. त्यामुळे तुझं पत्र वाचताना मला तुझी बाजूही दिसली आणि ज्यांना तू खिचडी देतोस त्यांचीही.

आधी थेट उत्तर, कारणं मागाहून. नोकरी आत्ता सोडू नकोस. शनिवार सोडलास तरी चालेल, बुधवार धर. पत्रिका घरी ठेव. आणि शंभर जणांना वाढण्यापेक्षा पुढची काही वर्षं आठ-दहा जणांचा हो.

बुधवार कशासाठी? आपल्या गावात भुकेल्याला घालणारे हात कमी नाहीत. सोमवारी सिद्धेश्वराला येणाऱ्यांकडून काही मिळतं, मंगळवार देवीचा, गुरुवारी स्वामी समर्थांचा प्रसाद, शुक्रवारी मशिदीबाहेर, शनिवारी मारुतीपुढे, रविवारी वाढदिवसवाले. गड्ड्याच्या यात्रेत, रमजानात, नाताळात तर अन्न उरतं. एकाच फुटपाथवर एका रात्री तीन-तीन ठिकाणची पातेली येतात आणि एखाद्या दिवशी कुणीच फिरकत नाही. तो रिकामा दिवस बहुतेक बुधवार निघेल, पण मी म्हणते म्हणून मानू नकोस, तिथं बसणाऱ्यांना विचार. कोणत्या दिवशी उपाशी झोपता, हा प्रश्न वर्षभरात त्यांना कुणी विचारला नसेल.

जेवण काय नेतोस तेही बघ. कडक भाकरी आणि शेंगाची चटणी टिकते, म्हणून लोक तीच पाकिटं वाटतात. दात नसलेला म्हातारा ती हसत घेतो आणि गोणीत टाकतो. त्याला गरम आमटीत ती कुस्करून, मऊ करून द्यावी लागते आणि तेवढा वेळ शेजारी बसावं लागतं. चादरीही डिसेंबरात सगळे देतात, गावच चादरींचं. खरी ओढ एप्रिल-मेची. पारा बेचाळीस-चव्वेचाळीसला गेला की अनवाणी माणसाचे तळवे डांबरावर भाजतात. मधुमेहाने किंवा कुष्ठरोगाने ज्याच्या पायांची जाणीव गेली आहे त्याला तर भाजलेलं कळतही नाही. मग फोड, मग जखम, मग माशा बसून अळ्या. वॉर्डात मी असे पाय पाहिलेत ज्यांच्यात कुणीतरी रॉकेल ओतलं होतं, चांगल्या हेतूने. रॉकेल नको, डिझेल नको. स्वच्छ फडक्याने झाक आणि सरळ रुग्णालयात ने. उन्हाळ्यात तुमच्या पिशवीत खिचडीच्या आधी पाण्याच्या बाटल्या, ओआरएसची पाकिटं आणि रबरी चपला हव्यात.

तुझ्या पत्रात एक गोष्ट मी शोधत राहिले. वर्षभर ज्यांना जेवू घातलंस त्यांतल्या एकाचंही नाव त्यात नाही. छापायचं नव्हतं म्हणून वगळलं असशील तर उत्तमच. पण मनातल्या मनात विचारून बघ, किती जणांची नावं येतात? गाव? भाषा? आपलं स्टेशन मुंबईहून चेन्नई, हैदराबाद, बंगळूरुकडे जाणाऱ्या वाटेवरचं. तेलंगणातून यंत्रमागावर कामाला आलेला आणि हात निकामी झाल्यावर घरी तोंड दाखवायला न गेलेला माणूस इथं असतो. पंढरपूरच्या गर्दीत मुलांनी सोडलेली म्हातारी असते. दिवसा मजुरांच्या नाक्यावर उभा राहून काम मिळवणारा आणि रात्री नव्या पेठेत शटर खाली आल्यावर दुकानाच्या पायरीवर झोपणारा धडधाकट गडीही असतो, त्याला भिकारी म्हटलं तर तो चिडतो आणि ते बरोबरच आहे. रुग्णालयातून सुट्टी मिळाली पण जायला घर नाही, असे तर मी स्वतःच किती गेटपर्यंत सोडले. या सगळ्यांना 'बेघर' म्हणून एकाच रांगेत बसवलं की कुणाचंच काही होत नाही. तिघेच उरलो म्हणून वाईट वाटून घेऊ नकोस. तिघे पुरतात, मात्र एखादा कानडी आणि एखादा तेलुगू बोलणारा जोडीला घ्या.

आता मोबाइल नेणाऱ्याबद्दल. आम्ही भलं केलं आणि त्याने असं फेडलं, असा तुझा सूर आहे. कित्येक वर्षं फलाटावर झोपलेल्या माणसाला रात्री आजूबाजूला माणसं लागतात. गाडीची घोषणा, चहावाल्याची हाक, शेजारच्याचं खोकणं, या आवाजांत त्याला झोप येते, कारण हे आवाज आहेत तोवर कुणी एकट्याला गाठून मारणार नाही. त्याला एकदम चार भिंतींत दार लावून ठेवलं की तो रात्रभर जागा. आमच्या वॉर्डात असे रुग्ण खाट सोडून व्हरांड्यात येऊन झोपायचे, सिस्टर रोज ओरडायच्या, तरी सकाळी पुन्हा व्हरांड्यातच. त्यात मेसचं काम, पहाटे उठणं, मालकाच्या शिव्या. आणि आठवड्याचा पगार एकदम हातात, तोही अशा माणसाच्या हातात ज्याने शंभराची नोट दुसऱ्या दिवसापर्यंत राखलेली नाही, कारण राखली तर रात्री चोरीला जाते.

दारू सोडण्याची अट घातली होती का, हे तू लिहिलं नाहीस, पण बहुतेक घातली असणार. रोज पिणाऱ्याची दारू एका दिवसात तोडली तर दोन-तीन दिवसांत हात थरथरतात, घाम फुटतो, भास होतात, फिट येते, कधी जीवही जातो. ही अट डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय कुणालाही घालू नका. खोलीत बसवून प्रार्थना करून सुटेल, असं सांगणारे भेटतील. प्रार्थना जरूर करा आणि त्याच दिवशी त्याला रुग्णालयातही न्या. माझ्या विश्वासात या दोन गोष्टींचं भांडण कधी झालेलं नाही.

तो परत दिसेल. बहुतेक जण दिसतात, त्याच फलाटाच्या आसपास. दिसला की आधी विचार, जेवलास का. मग विचार, मोबाइलचं काय केलंस. दोन्ही विचार. मोबाइलचं काढलंच नाहीस तर त्याला कळतं की हा मला आपल्यातला धरत नाही. आपल्या माणसाला आपण जाब विचारतो. मात्र पुढची खोली लगेच नको. आधी महापालिकेच्या बेघर निवारा केंद्रात त्याला दोन रात्री राहून बघू दे. सरकारी निकष असा आहे की शहरात दर एक लाख लोकसंख्येमागे निदान शंभर जणांचा एक निवारा हवा, बाराही महिने, चोवीस तास उघडा. २०११ च्या जनगणनेत सोलापूरची लोकसंख्या साडेनऊ लाखांवर होती, म्हणजे नऊ निवारे तरी हवेत. आपल्याकडे किती चालू आहेत ते महापालिकेत जाऊन विचार, आणि मंडळीतल्या चार मोठ्या माणसांना घेऊन जा. तेही सेवाकार्यच आहे.

काही बंधनं पाळा. रोख पैसे नाहीत, उसने नाहीत. स्वतःच्या घरी एकट्याने कुणाला न्यायचं नाही. बाईशी बोलायला बाईच हवी. रात्री एकट्याने जायचं नाही.

धर्मांतराचा प्रश्न तुला टोचला आहे, पण विचारणाऱ्यावर रागावू नकोस. आपल्या गावाला तो विचारायचा हक्क आहे. इथली सेटलमेंट तुला माहीतच असेल. १८७१ पासून चालत आलेल्या गुन्हेगार जमाती कायद्याखाली जन्मानेच गुन्हेगार ठरवलेल्या माणसांना तारेच्या कुंपणात ठेवलं, हजेरी लावली, गिरण्यांत कामाला पाठवलं. देशभरात अशा कित्येक वसाहती सरकारने चालवायला दिल्या त्या ख्रिस्ती मिशनांकडे, साल्व्हेशन आर्मीकडे. ३१ ऑगस्ट १९५२ ला तो कायदा देशभरातून गेला, विमुक्त समाज आजही तो दिवस पाळतो. त्या वसाहतींत काम करणाऱ्या कित्येकांचं मन चांगलं होतं, याबद्दल मला शंका नाही. शाळा काढल्या, औषधं दिली, भजनं शिकवली. पण समोरचा माणूस 'नको' म्हणू शकत नव्हता. जो नाही म्हणू शकत नाही त्याच्या 'हो'ला काय किंमत? आणि आजही फुटपाथवरच्या कुटुंबांत पारधी आहेतच, पोलिसांची गाडी दिसली की आधी तेच बोचकी उचलतात. त्यांच्या आज्या-पणज्यांनी हजेरी भोगलेली आहे. खिचडीच्या रांगेत डोळे मिटायला लावलेस तर त्यांना ती हजेरीच वाटेल.

म्हणून पत्रिका घरी ठेव म्हटलं. उपाशी माणूस एका हातात ताट आणि दुसऱ्या हातात कागद घेतो तेव्हा त्याला नाही म्हणायची सोय नसते. आपल्या संविधानाच्या कलम २५ ने धर्म पाळण्याचा, त्याचा प्रसार करण्याचा हक्क सगळ्यांना दिला आहे. १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की प्रसाराच्या हक्कात दुसऱ्याचं धर्मांतर घडवण्याचा हक्क येत नाही. कायद्याच्या भीतीने हे सांगत नाहीये. येशूने कुणाला बरं केलं तेव्हा आधी अट घातली, असं मला तरी शुभवर्तमानात कुठं आढळत नाही.

विश्वास लपवूही नकोस. कशासाठी येता असं कुणी विचारलं तर सरळ सांग, आम्ही येशूला मानतो, म्हणून येतो. बस. कुणी प्रार्थना कर म्हणाला तर कर, तिथेच, हळू आवाजात, त्याचं नाव घेऊन, त्याने सांगितलेल्या गोष्टीसाठी. न विचारता डोक्यावर हात ठेवू नकोस. लोक आपणहून मागतील, हे मी वॉर्डात पाहिलंय. ऑपरेशनला नेताना समोर उभा असेल त्याला म्हणतात, देवाचं नाव घे रे बाबा. आणि कधी कुणी बाप्तिस्म्याचं काढलं तर घाई नको. माझं मत कडक आहे: ज्याचं जेवण, खोली किंवा काम तुझ्या हातात आहे त्याला ते सुटेपर्यंत थांबायला सांग. तोवर त्याला उपासनेला येऊ दे, बसू दे, ऐकू दे, वाटलं तर निघून जाऊ दे.

इथंच मंडळीतल्या त्या प्रश्नाचं उत्तर आहे. किती जण आले, असं विचारणाऱ्यांना उलट विचार, आले तर बसतील कुठं? बायबलमधल्या याकोबाच्या पत्रात दुसऱ्या अध्यायात हाच प्रसंग आहे. अंगठी घातलेल्या माणसाला चांगली जागा, आणि मळक्या कपड्यांतल्या गरिबाला, तू तिकडे उभा राहा नाहीतर खाली पायाशी बस. आपल्या किती मंडळ्यांत रविवारी सकाळी स्टेशनवरचा माणूस आला तर शेजारची बहीण पदर नाकाला न लावता सरकून जागा देईल? मी स्वतः पाहिलेल्या मंडळ्यांत फारच थोड्या. खिचडी बाहेर पाठवणं सोपं आहे, त्या माणसाला आतल्या बाकावर जागा देणं कठीण. तुझं पाचारण स्टेशनइतकंच तुझ्या मंडळीतही आहे, असं मला वाटतं. पाळकसाहेबांशी बोल. महिन्यातून एका रविवारी उपासनेनंतर सगळ्यांसोबत जेवण ठेवा आणि त्या आठ-दहा जणांना पाहुणे म्हणून बोलवा. पंगतीत, मधोमध. साक्ष द्यायला कुणाला उभं करू नका, फोटो काढू नका. मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायात राजा जे विचारतो त्यात भुकेल्याला अन्न आहे, तान्हेल्याला पाणी, परक्याला आसरा, उघड्याला वस्त्र, आजाऱ्याची नि बंदिवानाची भेट. किती जण आणले, हे तो विचारत नाही.

वर्षानुवर्षं कसं करतात, असं तू विचारलंस. सोलापूरहून पुण्याकडे जाताना दौंड मागे टाकलं की केडगाव लागतं. एकदा तिथं उतर. पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन काढलं, मग ते पुण्यात नेलं. १८९३ मध्ये धर्मांतराचा गवगवा झाला आणि कित्येक घरच्यांनी मुली काढून नेल्या. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात जाऊन उपासमारीतल्या मुली आणि बायका घेऊन आल्या, त्यांच्यासाठी केडगावला मुक्ती सदन उभं केलं. शेती, विणकाम, छापखाना, शाळा, आंधळ्यांसाठी वेगळी सोय. ५ एप्रिल १९२२ ला त्या गेल्या, त्याही तिथंच. पाव शतक एका जागी. त्यांच्या प्रार्थनासभांबद्दल लोक खूप बोलतात. मला त्यांच्या विहिरी आणि शेतं जास्त बोलकी वाटतात, कारण विहीर खणणारा माणूस लगेच निघून जायच्या तयारीत नसतो.

तुझी विहीर काय असेल तेही सांगते. एखाद्याला दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल, अंग उतरलं असेल, तर थुंकीची तपासणी करून घे. टीबीचं औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं, पण निदान सहा महिने चुकवता येत नाही, आणि रस्त्यावरचा माणूस महिनाभरात बरं वाटलं की सोडून देतो. त्याला बुधवारी न चुकता गाठणारं कुणी असेल तर औषधांचा कोर्स पुरा होतो. उपचार चालू असताना पोषणासाठी सरकार महिना हजार रुपये देतं, पण ते बँक खात्यात, म्हणजे खातं हवं, म्हणजे आधार हवं. निवारा केंद्राच्या प्रमुखाचं ठरावीक नमुन्यातलं प्रमाणपत्र आधारसाठी चालतं. मतदार यादीतही बेघराचं नाव लागतं, हे बहुतेकांना ठाऊक नसतं. पत्त्याचा पुरावा लागत नाही. ज्या जागी झोपतो ती जागा अर्जात लिहायची, आणि निवडणुकीचा कर्मचारी रात्री येऊन तो खरंच तिथं झोपतो का ते बघून जातो. एका माणसाचं एवढं सगळं व्हायला वर्ष जातं. मध्येच तो गायब होतो. तेव्हा तीन ठिकाणी चौकशी कर: रुग्णालय, पोलीस ठाणं, आणि भिक्षेकरी गृह. १९५९ चा भिक्षा प्रतिबंधक कायदा आपल्या राज्यात आहे, मोठी यात्रा किंवा मोठा पाहुणा आला की धरपकड होते.

रुग्णालयात तर तुझ्यासारख्याची फार गरज असते. बेवारस रुग्णाला औषध मिळतं, खाटही मिळते. मिळत नाही ते माणूस. एक्स-रेला ढकलत नेणारा, रक्ताचा रिपोर्ट आणणारा, राउंडच्या वेळी डॉक्टरांना सांगणारा की हा कालपासून लघवीला गेलेला नाही. केसपेपरवर नातेवाइकाची एक ओळ असते. ती रिकामी असलेला रुग्ण सगळ्यांच्या नजरेतून हळूहळू सुटत जातो, कुणाचा वाईट हेतू नसतानाही. वॉर्डात जाऊन 'मी यांचा माणूस आहे' एवढं म्हण, आणि समाजसेवा विभाग कुठं आहे ते विचार. प्रत्येक मोठ्या सरकारी रुग्णालयात तो असतो.

आणि एक गोष्ट आधीच विचारून ठेव, कठीण वाटली तरी. ओळख पक्की झाली की ज्याला त्याला विचार, तुम्हाला काही झालं तर कुणाला कळवायचं, आणि तुमचं काय करायचं, दहन की दफन. लोक याचं वाईट वाटून घेत नाहीत, उलट मोकळे होतात. जे सांगेल ते वहीत लिही आणि तसंच कर. आयुष्यभर विठ्ठलाचं नाव घेतलेल्या माणसाला तुम्ही चार वर्षं जेवू घातलंत म्हणून तो तुमच्या कबरस्तानात पुरला जाऊ नये.

नोकरीचं आता तुझ्या लक्षात आलं असेल. आठ-दहा माणसांसाठी बुधवारची संध्याकाळ आणि आठवड्यात रुग्णालयाच्या एक-दोन फेऱ्या, एवढं नोकरी सांभाळून होतं. प्रेषित पौल करिंथ शहरात तंबू शिवून स्वतःचं पोट भरत होता, म्हणून त्याचा शब्द कुणाच्या मिंधेपणात नव्हता. आज नोकरी सोडलीस तर महिन्याचा खर्च देणगीतून येणार. देणगीदाराला आकडे लागतात, फोटो लागतात, बदललेल्या आयुष्याची गोष्ट लागते, आणि मग झोपलेल्या माणसाच्या तोंडावर मोबाइलचा उजेड पडतो. तुझी नोकरी त्या माणसांना यापासून वाचवते. पाच वर्षांनी काम हाताबाहेर वाढलं आणि मंडळीने तुझा भार उचलायचं स्वतःहून ठरवलं, तर तेव्हा बघू.

आईला एखाद्या बुधवारी सोबत ने. ती काळजी करते ती न पाहिलेल्या गोष्टीची. आणि मुलगी बघायला जाशील तिथं पहिल्याच बैठकीत सांगून टाक की बुधवारी मी घरी नसतो.

राहिली ती स्टँडवरची बाई. तिच्याबाबतीत वेळ घालवू नका. रस्त्यावर एकटी राहणाऱ्या बाईच्या हातात दगड असतो तो रात्रीच्या अनुभवामुळे, तेव्हा तुम्ही मुलं तिच्याजवळ जाऊच नका. मंडळीतली एखादी कानडी बोलणारी मावशी दिवसाउजेडी जाऊ दे. लांब बसावं, पाणी आणि जेवण मध्ये ठेवावं, मागे सरकावं, बोलायचा आग्रह करू नये. दुसऱ्या दिवशी तीच मावशी, तीच वेळ. हे चालू असतानाच पोलीस ठाण्यात लेखी अर्ज दे आणि पोच घे. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम १०० प्रमाणे अशा भटकणाऱ्या आजारी व्यक्तीला संरक्षणात घेणं पोलिसांचं कर्तव्य आहे. तिला कोठडीत ठेवता येत नाही, चोवीस तासांच्या आत सरकारी रुग्णालयात न्यावं लागतं, आणि हरवलेली व्यक्ती म्हणून नोंद करून घरच्यांचा शोधही घ्यावा लागतो. अर्जात कलमाचा आकडा घाल. महिला पोलीस सोबत असाव्यात हेही लिही. सल्ला हवा असेल तर टेलिमानस या सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर दिवसरात्र चालू असतो. ती आजारी किंवा गरोदर दिसली तर अर्जाची वाट न बघता १०८ ला फोन कर.

उपचार सुरू झाले की अशा बायका काही आठवड्यांत स्वतःच गाव सांगू लागतात. कर्जतच्या श्रद्धा फाउंडेशनचे डॉ. भरत वाटवानी, ज्यांना २०१८ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला, याच पद्धतीने काम करतात: आधी औषध, मग पत्ता, मग घरापर्यंत सोडणं. तुमच्या मावशीने तिच्या बडबडीकडे नीट कान द्यावा. देवीचं नाव, बाजाराचं नाव, माहेरचं आडनाव, जे कानावर पडेल ते लिहून ठेवावं. एखादं गाव हाती लागलं तर मला लगेच कळव. कलबुर्गी आणि विजयपूरकडच्या रुग्णालयांत माझ्या ओळखीच्या बायका अजून नोकरीत आहेत, मी फोन करते.